गाडी आहे, लायसन्स आहे, शिकवणार कोण?

आजचा भाग जरा घरगुती आहे. पाहुणा कोणी नाही, मी एकटाच बोलणार आहे. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी नेहमीसारखं हे लिहूनही टाकतोय.

एका सकाळपासून सुरुवात करतो. रविवार, साडेसहाची वेळ. द्रोणागिरीतला एक मोकळा प्लॉट. तुमच्यापैकी जे इकडे कधी आले नाहीत त्यांना सांगतो, द्रोणागिरी म्हणजे नवी मुंबईचं उरणकडचं टोक. सिडकोचे रुंद रस्ते, अर्ध्या भरलेल्या इमारती, आणि जिकडे बघाल तिकडे जेएनपीटीचे कंटेनर. तर त्या प्लॉटवर एक जुनी हॅचबॅक उभी आहे आणि ड्रायव्हरच्या सीटवर माझे बाबा चक्क मांडी घालून बसलेत. चपला बाहेर काढून ठेवल्यात. सीट पूर्ण मागे. एक गुडघा दाराला टेकलाय, दुसरा गिअरला. पंगतीत बसल्यासारखे बसलेत आणि तसेच गाडी चालवायचा प्रयत्न करतायत.

बाबा २६ वर्षं ट्रेलर चालवतायत. चाळीस फुटी कंटेनर मागे घेऊन गल्लीत लावणारा माणूस. त्या सकाळी मात्र त्यांची गाडी दहा फूट पुढे गेली की गचकन थांबायची, कारण ब्रेक मारायची वेळ आली की मांडी आपोआप सुटायची आणि पाय पेडलवर जायचा. दर वेळी ते स्वतःवरच चिडायचे. "अरे, पाय ऐकतच नाहीत!"

मी बाजूच्या सीटवर होतो. म्हणालो, "बाबा, माझेपण ऐकत नाहीत."

दोघेही खूप हसलो. आज जे सांगायचंय ते सगळं त्या सकाळीतच आहे. अपंग माणसाला गाडी चालवायला शिकवायचं, म्हणजे शिकवणाऱ्याला आधी काय शिकावं लागतं?

मी कोण, आणि मला गाडी कशाला हवी

नवीन ऐकणाऱ्यांसाठी: मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वय २८. बीटेकच्या शेवटच्या वर्षाला असताना मित्राच्या बाइकवरून येताना खडीवरून घसरलो. पाठीच्या कण्याला मार लागला. कमरेखाली ताकद नाही, जाणीवही जवळपास नाही. व्हीलचेअर वापरतो. नोकरी लागली तेव्हा वर्क फ्रॉम होम होतं, त्यामुळे निभावलं. मग एक दिवस मेल आला: आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला या. ऑफिस ऐरोलीला.

द्रोणागिरी ते ऐरोली. लोक म्हणतात, आता ट्रेन आहे की! आहे, आणि मला तिचं कौतुकही आहे. १२ जानेवारी २०२४ ला खारकोपर ते उरण हा टप्पा सुरू झाला, त्याच दिवशी अटल सेतूही. पण स्टेशनपर्यंत पोचा, डब्यात चढा, नेरूळला उतरा, गाडी बदला, ऐरोलीला उतरून पुन्हा रिक्षा शोधा. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी हात लावणारा हवा. कॅबचं म्हणाल, तर व्हीलचेअर दिसली की "डिकीत सीएनजीची टाकी आहे" हे वाक्य ठरलेलं. टाकी खरंच असते, त्यांचंही चूक नाही. पण मी रस्त्यावरच राहतो ना.

मग सगळे सुचवतात ती साइड व्हीलची स्कूटर. मागे दोन जादा चाकं लावलेली. महाराष्ट्रात हजारो लोक तिच्यावर नोकरीला जातात, मीही ती दोन वर्षं चालवली. बाजारात, क्लासला, पीरवाडीच्या किनाऱ्यावर जायला झकास. पण तिचा एक स्वभाव असतो. साधी स्कूटर वळणावर आत झुकते, ही झुकत नाही, त्यामुळे वेगात वळवली तर बाहेरच्या बाजूला कलंडते. करळ फाट्याकडे जाताना दोन्ही बाजूंना ट्रेलर आणि मध्ये आपण, हा अनुभव रोज घेण्यासारखा नाही. अटल सेतूवर तर दुचाकी आणि तीनचाकींना परवानगीच नाही. माझ्या घराजवळून मुंबईला जाणारा २१.८ किलोमीटरचा पूल, आणि मी तो फक्त लांबून बघायचा!

म्हणून गाडी.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे आधी ऐका

बऱ्याच जणांना वाटतं की पाय नसतील तर लायसन्स मिळतच नाही. मिळतं. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये पहिल्यापासून सोय आहे. आपल्याला योग्य अशी गाडी चालवायला माणूस सक्षम असेल तर फक्त त्या प्रकारच्या गाडीचं लायसन्स त्याला देता येतं.

त्या गाडीला जुन्या कायद्यात "इनव्हॅलिड कॅरेज" म्हणायचे. आमच्या धंद्यात इनव्हॅलिड म्हणजे एरर, लाल अक्षरात येतो तो. लायसन्सवर तो शब्द घेऊन फिरायचं! शिवाय जुन्या व्याख्येत अट होती की गाडी मुळातच अपंगांसाठी खास बनवलेली हवी, नुसते बदल केलेली चालणार नाही. आता भारतात हात-नियंत्रणाची गाडी कारखान्यातून थेट कुठे मिळते? सगळे जण साध्याच गाडीत बदल करून घेतात. २०१९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला आणि "अडॅप्टेड व्हेइकल" असा नवीन शब्द आणला. त्यात खास बनवलेली गाडीही बसते आणि रीतसर बदल केलेलीही.

दुसरा कायदा, दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६. त्याचं कलम ४१ वाचा. दिव्यांगांना स्वतः फिरता यावं, तेही परवडेल अशा खर्चात, म्हणून सरकारने योजना करायच्या, असं त्यात आहे. सवलती, गाड्यांमधले बदल आणि फिरण्यासाठी लागणारी मदत, अशा तीन गोष्टी नावानिशी आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये जीएसटी कौन्सिलच्या ४५ व्या बैठकीत दिव्यांगांच्या गाडीला बसवायच्या किटवर ५ टक्के दर ठरला.

म्हणजे लायसन्सचा रस्ता आहे, गाडीचा आहे, किटचा आहे. मी खुशीत ड्रायव्हिंग स्कूल शोधायला निघालो.

राहतो द्रोणागिरीत, हाल एकलव्याचे

तीन ठिकाणी विचारलं. नावं घेत नाही, कारण प्रश्न त्या तिघांचा नाही. पहिले म्हणाले, "आमच्या गाडीत तसं काही नाही." खरंच होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा पेडल असतात, नियमच आहे तसा. म्हणजे त्या गाडीत पायाने चालवायची दोन दोन सेट पेडल, आणि हाताने चालवायचं एकही नाही. दुसऱ्यांनी फोनवर हो म्हटलं, मला प्रत्यक्ष बघितल्यावर "मालकांना विचारून कळवतो" म्हणाले. तो फोन अजून यायचाय.

तिसरे सगळ्यात प्रेमळ. चहा पाजला आणि म्हणाले, "लायसन्सचं टेन्शन घेऊ नको, ते बघू आपण. शिकायचं तेवढं तुझं तू बघ."

घरी येताना मी या वाक्याचा विचार करत होतो. लायसन्स हा चालवता येतं याचा दाखला असतो. आणि इथे दाखला मिळणार, चालवणं सोडून! करळ फाट्यावर ट्रेलर अंगावर आला तर काय दाखवू, कार्ड?

इथे करंजाजवळ द्रोणागिरीचा डोंगर आहे. हनुमानाने द्रोणागिरी नेताना त्याचा तुकडा इथे पडला, असं सांगतात. द्रोणाचार्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, तरी मी आईला म्हणालो, "गावाचं नाव द्रोणागिरी आणि मला गुरू मिळेना." आई म्हणाली, "घरात बसलाय की एक, ट्रेलर चालवून दमलेला."

बाबांना विचारलं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मला पायाने शिकवता येतं रे. हाताने कसं शिकवू?"

माझ्यासाठी हे त्या सगळ्या दिवसांतलं सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं.

हाताने गाडी चालते कशी

जुनी एएमटी गाडी घेतली, म्हणजे क्लच नाही. तिला किट बसवलं. किटचा आणि बसवण्याचा मिळून खर्च साधारण ४० हजार आला. पेडल तशीच राहतात, त्यामुळे घरातल्या इतरांनाही गाडी चालवता येते. स्टिअरिंगच्या खाली डावीकडे एक दांडा येतो, तो सळ्यांनी ब्रेक आणि रेसच्या पेडलला जोडलेला. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की रेस. डावा हात कायम दांड्यावर. उजव्या हाताने स्टिअरिंग. एका हाताने पूर्ण फिरवता यावं म्हणून त्यावर एक गोल मूठ बसवलेली. हॉर्नचं बटण दांड्यावरच घेतलं.

आता गंमत बघा. गिअर न्यूट्रलमधून पुढच्या गिअरला टाकायचा तर ब्रेक दाबलेला हवा. ब्रेक डाव्या हातात, आणि गिअरही डाव्या हाताला. म्हणून दांड्याला एक लॉक असतं: ब्रेक ढकलायचा, लॉक करायचा, हात मोकळा करायचा, गिअर टाकायचा, परत दांडा धरायचा, लॉक सोडायचं. तुम्ही जे पाव सेकंदात करता त्याच्या माझ्याकडे सहा पायऱ्या आहेत. कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलच्या वहीत त्या लिहिलेल्या नसतात.

आणि पाय? ते नुसते बसून असतात असं समजू नका. जाणीव नसल्यामुळे पाऊल सरकून पेडलखाली गेलं तर मला कळत नाही, आणि मग ब्रेक पूर्ण दाबला जाणार नाही. कधी कधी पाय आपोआप ताठ होतो आणि रेसवर पडू शकतो. म्हणून पेडलच्या पुढे एक गार्ड बसवतात. तरी निघण्याआधी वाकून दोन्ही पाऊलं बघायची, हा माझा नियम आहे. आरशाच्या आधी पाऊलं.

"थांब" या शब्दाची गोष्ट

बाबांनी ठरवलं की आधी आपण शिकायचं, मग पोराला शिकवायचं. म्हणून ती मांडी. चार रविवार ते स्वतः शिकले. पाचव्या रविवारी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. तोपर्यंत माझं लर्निंग लायसन्स आलेलं होतं, पण आम्ही रस्त्यावर गेलोच नाही. तोच मोकळा प्लॉट.

तिसऱ्या धड्याला एक कुत्रं आडवं आलं. बाबा ओरडले, "थांब! थांब!"

आणि मी दांडा ओढला.

गाडीने उडी मारली. बाबांनी हँडब्रेक खेचला म्हणून बरं, नाहीतर पुढे पेव्हर ब्लॉकची थप्पी होती. एक वीतभर अंतर राहिलं. कुत्रं केव्हाच पळालं होतं.

बाबा पाचेक मिनिटं काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, संपलं, आता किल्ली काढून घेणार. मग म्हणाले, "चूक तुझी नाही. माझा शब्द चुकला."

त्यांचं म्हणणं असं होतं. आमचं गाव जामखेडकडचं. लहानपणी ते बैलगाडी हाकायचे, आणि बैल थांबवायचा तर कासरा ओढतात. मी बाइकवाला, बाइकचा ब्रेक बोटांनी आपल्याकडे ओढतात. आम्हा दोघांच्याही हातांना लहानपणापासून एकच माहीत: थांबायचं म्हणजे ओढायचं. आणि या गाडीत ओढलं की ती पळते. उलटं का केलंय? कारण गाडी अचानक थांबते तेव्हा अंग पुढे जातं, त्या झोकात हातही पुढेच जातो, म्हणजे ब्रेक आणखी दाबला जातो. रचना शहाणपणाची आहे, पण जुन्या सवयीच्या बरोब्बर उलट आहे.

त्या दिवसापासून आमच्या गाडीत "थांब" हा शब्द बंद. "ब्रेक मार" बंद. फक्त "ढकल" आणि "ओढ". पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी मी बंद गाडीत बसायचो, बाबा बाजूला पेपर वाचायचे आणि मध्येच, मान वर न करता म्हणायचे, "ढकल!" मी ढकलायचो. शंभर वेळा, दीडशे वेळा. आई खिडकीतून म्हणायची, "गाडी जागची हलत नाही आणि दोघं ओरडताय कशाला?"

इंजिनिअर लोकांनो, हेच ट्रेनिंग. किट हे हार्डवेअर झालं. हातातली जुनी सवय काढून नवी घालणं, तीही भीतीच्या क्षणी चालेल अशी, हे काम किटबरोबर येत नाही. त्यासाठी माणूस लागतो.

आमचं काय चुकलं

आता बाबांचं कौतुक पुरे, आमची चूक सांगतो. वळणावर माझं अंग एका बाजूला कलंडायचं. बाबा म्हणायचे, "कंबर सांभाळ." पण कंबर सांभाळणारे स्नायूच माझ्याकडे पुरेसे नाहीत. तुम्ही गाडी वळवता तेव्हा डावा पाय नकळत जमिनीला रेटून धरता. तुम्हाला ते माहीतही नसतं. बाबांनाही माहीत नव्हतं, कारण मांडी घातली तरी त्यांची पाठ भक्कम होती. तीन आठवडे मी स्टिअरिंगलाच धरून तोल सावरत होतो. म्हणजे ज्या हाताने गाडी वळवायची, त्याच हाताला लटकायचं. किती धोक्याचं!

शेवटी माझ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंना सहज बोलताना सांगितलं. त्यांनी दहा मिनिटांत उपाय दिला: छातीला एक रुंद पट्टा, सीटची पाठ थोडी मागे, बाजूला एक उशी. मग म्हणाल्या, "गाडी घेण्याआधी आला असतास तर बरं झालं असतं."

बघा, क्रम उलटा झाला होता. मी आधी गाडी घेतली, मग किट बसवलं, मग शिकलो आणि सगळ्यात शेवटी माझं शरीर काय करू शकतं हे तपासलं. प्रॉडक्शनला टाकून मग टेस्टिंग!

जिथे ही व्यवस्था बसलेली आहे तिथे क्रम सरळ असतो. ब्रिटनमध्ये यासाठी मोबिलिटी सेंटर आहेत. अमेरिकेत ड्रायव्हर रिहॅबिलिटेशन स्पेशालिस्ट नावाचा वेगळा पेशाच आहे, त्यातले बरेच जण मुळात ऑक्युपेशनल थेरपिस्ट असतात. आधी नजर, हाताची ताकद, सांधे किती वळतात, प्रतिक्रिया किती लवकर येते, लक्ष किती टिकतं, बसताना तोल राहतो का, हे सगळं तपासतात. मग त्यांच्याच गाडीत बसवून बघतात. कोणतं साधन लागेल ते लिहून देतात. त्यावर शिकवतात. गाडीवर स्वतःचे पैसे घालायची वेळ त्यानंतर येते.

आणि हे बाहेरून आणायला लागेल असं काही नाही, मंडळी. भारतातलं ऑक्युपेशनल थेरपीचं पहिलं कॉलेज मुंबईत, केईएम हॉस्पिटलमध्ये, १९५० साली सुरू झालं. सुरू केलं कमलाबाई निंबकरांनी. हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. जखमी जवानांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून. गाड्यांच्या चाचण्या घेणारी एआरएआय पुण्यातच. शरीर जाणणारे लोक आपल्याकडे, गाडी जाणणारेही आपल्याकडेच. फक्त त्या दोघांची गाठ पडलेली नाही.

ती पडू शकते अशी एक जागाही आहे. जून २०२१ मध्ये केंद्राने मान्यताप्राप्त ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरचे नियम काढले. हलक्या गाडीसाठी ४ आठवड्यांत २९ तासांचा कोर्स, त्यात ८ तास थिअरी आणि २१ तास प्रॅक्टिकल. सिम्युलेटर आणि टेस्ट ट्रॅक हवाच. तिथे पास झालात की आरटीओत वेगळी ड्रायव्हिंग टेस्ट नाही. माझं मागणं छोटं आहे. अशा प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका सेंटरवर एक सिम्युलेटर आणि एक गाडी हात-नियंत्रणाची ठेवा. आणि महिन्यातून एक दिवस जवळच्या हॉस्पिटलमधली ऑक्युपेशनल थेरपिस्ट तिथे बसू द्या. बस, एवढंच.

"जिद्द असली की होतं" याबद्दल

हे बोललं की कोणीतरी म्हणतंच, "जिद्द असली की सगळं जमतं, त्या अमक्या बघ." बघितल्यात ना! दीपा मलिक, छातीखाली पॅराप्लेजिया. नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राहत असताना त्यांनी रेस्टॉरंट चालवलं. पुढे रेड-द-हिमालयसारख्या रॅलीत उतरल्या आणि २०१६ ला रिओमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवलं. इंदूरचे विक्रम अग्निहोत्री, दोन्ही हात नाहीत, २०१६ मध्ये पायाने गाडी चालवून लायसन्स मिळवलं. केरळच्या जिलुमोल थॉमस, जन्मतःच हात नाहीत. काही वर्षं पाठपुरावा केला, राज्याच्या दिव्यांग आयोगाने लक्ष घातलं, तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये त्यांच्या हातात, सॉरी, त्यांच्या नावावर लायसन्स आलं. हा विनोद मी करू शकतो, तुम्ही करू नका.

या तिघांना माझा सलाम. पण बाकीचे लोक ड्रायव्हिंग शिकतात तेव्हा त्यांच्याकडून जिद्द कोणी मागतं का? माझ्या चुलत बहिणीने सुट्टीत क्लास लावला, पंधरा दिवसांत गाडी शिकली, पेपरात बातमी आली नाही. मला तसं हवंय, बातमी न येणारं.

कामाच्या चार गोष्टी

तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला शिकायचं असेल तर हे लिहून घ्या.

एक, सुरुवात गाडीच्या शोरूमपासून करू नका, ऑक्युपेशनल थेरपिस्टपासून करा. कदाचित किट लागणारही नाही. फक्त डावा पाय कमजोर असेल तर साधी ऑटोमॅटिक गाडी बऱ्याचदा पुरते. फक्त उजवा पाय नसेल तर रेसचं पेडल डावीकडे घेता येतं. एकच हात असेल तर स्टिअरिंगवरची मूठ कामाला येते. ऐकू येत नसेल तर गाडीत बदल नको, आरशांची सवय हवी. बहिऱ्या व्यक्तींना नुसत्या बहिरेपणामुळे लायसन्सपासून लांब ठेवता येणार नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

दोन, कागद. यूडीआयडी कार्ड, डॉक्टरांचा फॉर्म १-ए, आणि सारथी पोर्टलवर गाडीचा प्रकार "अडॅप्टेड व्हेइकल" निवडा. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, तीस दिवसांनंतर टेस्ट देता येते. टेस्ट आपल्याच प्रकारच्या गाडीवर द्यायची असते.

तीन, किट एआरएआयने तपासलेलं घ्या. वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेऊ नका, प्रश्न ब्रेकचा आहे. बदलाची नोंद आरसी बुकवर करून घ्या आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. प्रीमियममध्ये सवलत आहे का तेही विचारा.

चार, शिकवणारा कोणीही असो, बाबा, भाऊ, मैत्रीण, आधी त्याला पाय न वापरता गाडी चालवायला लावा. निदान चार रविवार. आणि पहिल्या दिवशी शब्द ठरवा.

शेवटचं

टेस्ट झाली. साधी झाली, सांगण्यासारखं काही नाही, आणि त्याचाच मला आनंद आहे. ऑफिसला पहिल्यांदा एकटा निघालो तो सोमवार होता. आईने डबा बाजूच्या सीटवर ठेवला, त्याला सीट बेल्टही लावला. बाबांची सकाळची फेरी होती, ते आधीच गेले होते.

जासईच्या जरा अलीकडे एका ट्रेलरने इंडिकेटर न देता लेन बदलली. एकदम समोर. माझ्या डोक्यात काही आलंच नाही, हात पुढे गेला. नुसता पुढे गेला. गाडी थांबली, डबाही जागेवर राहिला. मागचा हॉर्न वाजवायला लागला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने म्हणालो होतो, "ढकल."

ऐरोलीला पार्किंगमध्ये गाडी लावली आणि फोन बघितला. बाबांचे सात मिस्ड कॉल. लगेच लावला. मला वाटलं, ओरडणार. पलीकडे बंदराचा आवाज, क्रेनचे भोंगे. म्हणाले, "पोचलास?"

"पोचलो. फोन दिसला नाही, गाडी चालवत होतो."

"चालवताना उचलला नाहीस ना? मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी ठेवूनही दिला.

मंडळी, तुमच्यापैकी कोणाच्या घरचं ड्रायव्हिंग स्कूल असेल, कोणी फिजिओ किंवा ओटीचं शिकत असेल, तर एक फोन करा एकमेकांना. बाकी काही जमलं नाही तर एका रविवारी मांडी घालून गाडीत बसून बघा, अर्थात मोकळ्या प्लॉटवर. काय होतंय ते मला मेसेज करा.

भेटूया पुढच्या भागात. सांभाळून चालवा!